कलावंताचे घर आणि लेकरांची पट्टी

(धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनानिमित्त झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. दिवसभर बँकेच्या काऊंटरवर बसायचे आणि संध्याकाळी पेटी उघडायची, एवढाच आमचा व्याप. गेली वीस वर्षे आम्ही गायन पार्टीत पेटी वाजवतो. तेव्हा ज्या गोष्टीचा आम्हाला अनुभव आहे तिच्याविषयीच बोलतो. ती गोष्ट म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची लेकरे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्या या चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्या बाबासाहेबांच्या बालपणीच्या घराकडे आधी पाहू. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी होते. ते मुलांना जवळ बसवून रोज भजने, अभंग, दोहे म्हणवून घेत. तेच रामजी परीक्षेच्या दिवसांत भिवाला रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवत. म्हणजे गाणेही बापाच्या मांडीशी आणि अभ्यासही बापाच्या देखरेखीत. पुढे उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, बाबासाहेबांनी व्हायोलिन शिकायला घेतले. ज्या घरात लहानपणी सूर कानावर पडतो, तिथून तो आयुष्यभर जात नाही, हे यावरून दिसते.

आता आपल्या भागाकडे वळू. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान निघाले, मंडई भरू लागली की गावोगाव नाटके सुरू होतात. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे केंद्र. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. रंगमंचाशी बसलेले पेटीवाले, तबलजी रात्रभर जागेवरून उठत नाहीत. आज सिंदेवाही, उद्या आरमोरी, परवा कुरखेडा. याच झाडीपट्टीतले गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या भागाची मान उंच झाली. परंतु या कलावंतांचा हंगाम नेमका हिवाळ्यात आणि मुलांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा त्याच हंगामाच्या शेवटी. बाप पहाटे घरी येतो तेव्हा लेकरू झोपलेले, लेकरू शाळेत जाते तेव्हा बाप झोपलेला. आमच्या भीमगीतवाल्यांचेही तेच. १४ एप्रिलपासून कार्यक्रम सुरू होतात आणि वार्षिक परीक्षाही त्याच सुमारास येते.

काही घरांनी यातून मार्ग काढला. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे लहानपणी आईवडिलांबरोबर गात हिंडले. त्यांची मुले आनंद आणि मिलिंद गायक झाली. आनंद शिंदे यांचा मुलगा आदर्श आज महाराष्ट्राला माहीत आहे. दुसरा मुलगा उत्कर्ष डॉक्टर झाला आणि गातोही. त्याच घरात गळाही टिकला आणि शिक्षणही आले, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. वामनदादा कर्डक १९४३ पासून गीते लिहू लागले ते २००४ मध्ये आपल्यातून जाईपर्यंत. अवघा महाराष्ट्र त्यांचे घर झाला, परंतु पोटची मुलगी मीरा लहानपणीच गेली. आणि औरंगाबादच्या कडूबाई खरात पाहा. पती गेल्यावर मुले वाढवण्यासाठी ही माउली एकतारी घेऊन दारोदार गात फिरली. तिचे गाणे मोबाईलवरून घरोघर पोचले ते फार नंतर. त्या एकतारीवर मुलांची भाकर होती, हे टाळ्या वाजवताना आपण विसरू नये.

आता आमच्या स्वतःच्या घरचे सांगतो. आमची पेटी कुलुपात असायची. "हात लावू नका, भाते फाटतील" हे आमचे पाठ वाक्य. एप्रिल-मेमध्ये आम्ही गावोगाव हिंडायचो आणि सकाळी दहाला डोळे चोळत काऊंटरवर बसायचो. मुलीचा अभ्यास आणि घर दोन्ही आमच्या सौभाग्यवती सांभाळत. त्यांचाही गळा चांगला होता, पण लग्नानंतर त्यांना "तू गा" असे कोणी म्हटले नाही. आम्हीही नाही. मुलगी सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात गायला उभी राहिली. वरचा स्वर लागेना, आवाज फाटला, मुले हसली. ती रडत घरी आली. विचारले तर म्हणाली, "बाबा, मी तुमच्यासारखंच गात होती."

तेव्हा उलगडा झाला. आमची पट्टी काळी दोन. दाराआडून आमचा रियाज ऐकून ती त्याच पट्टीत शिकली होती. पुरुषाची पट्टी लेकराच्या गळ्याला झेपत नाही, हे पेटीवर बसणाऱ्या कोणालाही कळते. वीस गायकांच्या पट्ट्या आम्हाला पाठ होत्या आणि पोटच्या पोरीची पट्टी माहीत नव्हती! त्या रात्री पेटीचे कुलूप काढले, काळी पाचवर षड्ज धरला आणि तिला गायला लावले. आवाज मोकळा निघाला. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून येऊन शेजारी बसल्या आणि त्यांनी ध्रुपद उचलले. लग्नाला तेरा वर्षे झाल्यावर आम्ही त्यांचे गाणे ऐकले.

मुलगी आता अकरावीत आहे. तिला विज्ञान शाखेत पुढे जायचे आहे, पार्टीत गायचे नाही. सुरुवातीला आम्हाला वाईट वाटले. नंतर समजले की हीसुद्धा पट्टीचीच गोष्ट आहे. आमचे आयुष्य तिने आमच्याच पट्टीत गावे हा हट्ट कशासाठी? रविवारी ती ढोलकी घेऊन बसते, तेवढे पुरे.

या अनुभवावरून दोन-चार सूचना नम्रपणे मांडतो. कलावंत आईबापांनी पेटी, ढोलकी लेकरांच्या हाती द्यावी. फाटलेला भाता दुरुस्त होतो. रोज पंधरा मिनिटे पुरतात. केहरव्याच्या आठ आणि दादऱ्याच्या सहा मात्रा टाळीवर मोजायला लावल्या तर पाढ्यांचीही गोडी लागते. मुलीला मुलाइतकेच शिकवावे. आणि पत्नीचा कार्यक्रम असेल त्या रात्री पतीने लेकरे सांभाळावीत, त्यात कमीपणा कसला?

समाजानेही आपली बाजू पाहावी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा कायदा आहे, सवलत मिळते ती मोजक्या दिवसांची आणि बारापर्यंतची. तरीही आपले कार्यक्रम भाषणांत अडकतात आणि गायिका लेकरू मांडीवर घेऊन ताटकळत बसते. आम्ही ज्या जयंती समितीत होतो तिथेही एकदा असेच झाले. बाईंचे बाळ स्पीकरशेजारी सतरंजीवर झोपले होते आणि आम्ही पाहुण्यांचे सत्कार करत होतो. आज त्याची लाज वाटते. तेव्हा कार्यक्रम वेळेवर सुरू करा, ठरलेले मानधन आणि गाडीभाडे निघण्यापूर्वी हातात द्या, आणि कलावंतांच्या लेकरांसाठी स्पीकरपासून दूर एक खोली ठेवा. विहाराच्या वाचनालयात त्यांना परीक्षेच्या काळात बसायला जागा द्या. एवढे केले तरी पुष्कळ होईल.

आमचा हंगाम पुन्हा येतो आहे आणि आम्हीही पेटी घेऊन निघणारच. फक्त यंदा निघण्यापूर्वी परीक्षेचे वेळापत्रक भिंतीवर लावले आहे. पेपरच्या आदल्या रात्रीची सुपारी घ्यायची नाही, असे पार्टीतल्या सर्वांनी मिळून ठरवले आहे. आपणही त्या रात्रीचे आमंत्रण आम्हाला देऊ नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!