जन्माआधीच लागलेला निकाल

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



विज्ञानकथा म्हटली की उडत्या तबकड्या आणि परग्रहावरची माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. आज मी ज्या दोन कथांविषयी बोलणार आहे, त्यांत तसले काही नाही. त्यांत शाळा आहे, नोकरी आहे, विमा आहे आणि आईबाप आहेत. मी विज्ञानाचा पदवीधर नाही, भाषा आणि इतिहास शिकवतो. तेव्हा जनुकांचे रसायनशास्त्र मी सांगणार नाही. मुलाची लायकी जन्मताच, किंबहुना जन्माआधीच ठरवून टाकणारा समाज कसा असेल, एवढेच पाहू.

ऑल्डस हक्सले या इंग्रज लेखकाची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी १९३२ साली प्रसिद्ध झाली. डीएनएची रचना उलगडायला तेव्हा अजून एकवीस वर्षे अवकाश होता. त्यामुळे या कादंबरीत जनुकांतील फेरफार नाहीत. पण माणसे कारखान्यात, बाटल्यांतून तयार होतात. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा आणि एप्सिलॉन असे त्यांचे पाच वर्ग. खालच्या वर्गाच्या गर्भाला मुद्दाम प्राणवायू कमी द्यायचा, म्हणजे बुद्धी आणि उंची आपोआप खुंटते. पुढे एक प्रसंग येतो. डेल्टा वर्गाच्या तान्ह्या मुलांपुढे रंगीत चित्रांची पुस्तके आणि फुले मांडतात. मुले आनंदाने रांगत जातात, पुस्तकाला हात लावतात, आणि त्याच क्षणी कर्कश भोंगे वाजतात, विजेचा झटका बसतो. असे पुन्हा पुन्हा करायचे, म्हणजे ती जन्मभर पुस्तकाच्या वाटेला जाणार नाहीत. कमी प्रतीचे मूल घडवून भागत नाही, त्याला पुस्तकाची धास्तीही शिकवावी लागते, हे हक्सलेने ओळखले होते.

दुसरी कथा अमेरिकन चित्रपटाची. ‘गॅटाका’ हा अँड्र्यू निकोल यांचा चित्रपट १९९७ साली आला. डीएनएची जी चार अक्षरे आहेत, त्यांतूनच हे नाव जुळवले आहे. व्हिन्सेंट नावाचा मुलगा नैसर्गिक रीतीने जन्माला येतो. जन्मल्यावर काही क्षणांतच त्याच्या रक्ताचा थेंब घेऊन परिचारिका आकडे वाचू लागते. हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुर्मान ३०.२ वर्षे! बापाचे नाव अँटोनियो. मुलाला अँटन म्हणायचे ठरलेले असते. पण अहवाल ऐकल्यावर बाप ऐनवेळी ते नाव मागे सारतो आणि व्हिन्सेंट हे नाव पुढे करतो. अँटन हे नाव मिळते धाकट्याला, ज्याचे जनुक प्रयोगशाळेत निवडून घेतलेले असतात. पालकहो, या चित्रपटात यंत्रे पुष्कळ आहेत. परंतु पहिला अन्याय घरातच होतो, आणि तोही प्रेम करणाऱ्या बापाकडून.

धाकट्याच्या वेळी डॉक्टर आईबापांसमोर चार गर्भ ठेवतात, दोन मुलगे आणि दोन मुली. त्यांना व्हिन्सेंटला भाऊ हवा असतो, म्हणून ते मुलगा निवडतात. आपल्याकडे ही निवडसुद्धा कायद्याने गुन्हा आहे. गर्भाची तपासणी करून मुलगी नाकारण्याचे प्रकार इतके वाढले की महाराष्ट्राला १९८८ साली आणि केंद्र सरकारला १९९४ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा जन्माआधीचा भेदभाव आपल्याला कथेत शोधायची गरज नाही.

पुढे आई व्हिन्सेंटला बालवाडीत घेऊन जाते. तेथील बाई म्हणतात, हा पडला झडला तर विमा कंपनी जबाबदारी घेणार नाही. आणि फाटक बंद होते. बंद करणारी बाई दुष्ट नाही, तिला फक्त नियम पाळायचा आहे. त्या मुलाला चालता येते का, बोलता येते का, एवढेही कोणी पाहत नाही. मोठेपणी त्याला अंतराळवीर व्हायचे असते, पण त्या अंतराळ संस्थेत त्याच्या हाती झाडू येतो. तेथे मुलाखत म्हणजे लघवीचा एक नमुना! जनुकांवरून भेदभाव करायला तेथेही कायद्याने बंदी आहे, हे विशेष. पण हस्तांदोलनाला पुढे केलेला हात, दाराची मूठ, अर्जाच्या पाकिटावरची थुंकी, यांतून हवी ती माहिती काढून घेता येते. मग कायदा विचारतो कोण? शेवटी व्हिन्सेंट जेरोम नावाच्या अपंग झालेल्या जलतरणपटूचे रक्त, केस आणि लघवी वापरून, दुसऱ्याच्या नावाने आत शिरतो. जेरोमचे जनुक अव्वल असतात, पण शर्यतीत त्याला मिळते रौप्यपदक, आणि तो मनाने मोडलेला असतो.

येथे चित्रपट मला थोडा कच्चा वाटतो. व्हिन्सेंटचे हृदय खरोखरच दुबळे दाखवले आहे. धावण्याच्या चाचणीत तो आधी नोंदवलेले ठोके लावून वेळ निभावतो आणि मागाहून कोसळतो. अशा माणसाला वर्षभराच्या अंतराळप्रवासाला पाठवावे का, हा प्रश्न चित्रपट टाळतो. आज तपासलेल्या हृदयावरून एखादे काम नाकारणे मी समजू शकतो. परंतु जन्मदिवशीच्या कागदावरून बालवाडी नाकारणे ही निराळी गोष्ट आहे. ९९ टक्के शक्यता हा निकाल नव्हे.

हे सारे कल्पित आहे असे कोणी म्हणेल. इतिहास पाहा. उत्तम वंश निपजवण्याच्या कल्पनेला फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ साली ‘युजेनिक्स’ हे नाव दिले. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. व्हर्जिनिया राज्यातील कॅरी बक ही तरुणी मंदबुद्धी, तिची आई मंदबुद्धी आणि तिची तान्ही मुलगीही तशीच, असे ठरवून तिच्या नसबंदीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली मान्यता दिली. त्या मुलीला, व्हिव्हियनला, पाहणाऱ्या बाईंनी शेरा दिला तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. पुढे हीच मुलगी शाळेत गेली आणि १९३१ साली तिचे नाव गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत लागले. दुसऱ्या वर्षी ती आजारपणाने वारली. १९३३ साली जर्मनीत नाझींनी असाच कायदा केला. त्याचे पुढे काय झाले, हे विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचले आहेच.

शास्त्राला दोष देण्याचा माझा हेतू नाही. जनुकांत दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, आणि तो सिकलसेल व थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांवर आहे. आपल्या विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबांना सिकलसेल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. असा उपचार त्यांच्या आवाक्यात येवो. याउलट चीनमध्ये हे जियानकुई या संशोधकाने गर्भाच्या जनुकांत फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे २०१८ साली जाहीर केले, आणि पुढच्याच वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली. बुद्धी किंवा उंची यांसाठी एकच एक जनुक नसतो. असंख्य जनुके, त्यांच्या जोडीला अन्न, घर, शाळा, असे ते मिश्रण आहे. तेव्हा हुशार मूल बनवून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानात पालकांनी जाऊ नये.

विम्याचा प्रश्न मात्र आजच दारात आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करता येत नाही. परंतु आयुर्विमा त्यात येत नाही. आपल्याकडे एका हृदयरोग्याचा दावा, आजार जनुकीय आहे म्हणून विमा कंपनीने नाकारला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली तो दावा मान्य केला, आणि अशी सरसकट अट संविधानाच्या समतेच्या कलमाशी, म्हणजे कलम १४ शी, विसंगत ठरवली. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. पालकांनी पॉलिसीवर सही करण्यापूर्वी त्यातील बारीक अक्षरांतला मजकूर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा; आपली मुले आता तेवढे शिकली आहेत.