गुडघ्याचे आंशिक सांधेरोपण आणि मागे रेंगाळणारी वेदना

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात अस्थिरोग विभागाच्या वतीने झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अशा प्रसंगी आम्हां शल्यचिकित्सकांना यशाच्या कथा सांगण्याचा मोह होतो. त्या सांगाव्यातही, कारण आपल्या देणग्यांतून काय उभे राहिले हे आपल्याला कळले पाहिजे. आज मात्र मी ज्याविषयी बोलणार आहे, ते अहवालाच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, टाके निघतात, रुग्ण वॉकर घेऊन आपल्या पायांनी घरी जातो आणि त्याच्या कागदावर 'प्रकृती समाधानकारक' असा शेरा पडतो. मग चार-पाच महिन्यांनी तोच रुग्ण समोर बसून, काहीसे ओशाळून म्हणतो, "डॉक्टर, अजून दुखतंय."

या वाक्याला मी एकदा फार वाईट उत्तर दिले होते. तेथूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठीच्या आसपासच्या एक बाई, विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालवणाऱ्या. मी त्यांना मावशी म्हणत असे. उजवा गुडघा आतल्या बाजूने झिजलेला, बाकीचा सांधा चांगला. त्यांच्या गुडघ्याचे आंशिक सांधेरोपण मी स्वतः केले. पाचव्या महिन्यात त्या दुखण्याची तक्रार घेऊन आल्या. मी एक्स-रे काढला, दिव्यासमोर धरला आणि समाधानाने म्हणालो, "मावशी, ऑपरेशन छान झालंय. सगळं जागच्या जागी आहे. सवय होईल." त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या. पुढच्या तपासणीला आल्या नाहीत, आणि त्या बऱ्या झाल्या असाव्यात असे मी गृहीत धरले.

आठव्या महिन्यात त्यांची सून त्यांना घेऊन आली. दोन्ही पावलांवर सूज होती. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन वाढलेले निघाले. रक्तदाब त्यांना पूर्वीपासून होता आणि त्यात गेले तीन महिने त्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज दोन, कधी तीन घेत होत्या. घरात कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. सून म्हणाली, "आई रात्री झोपत नाहीत, एवढंच मला दिसायचं." मी मावशींना विचारले, मला का सांगितले नाही? त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात छान झालंय. आणि मुलानं पतपेढीचं कर्ज काढलं होतं. त्याला कोणत्या तोंडानं सांगू, अजून दुखतंय म्हणून?"

त्या दिवशी मी प्रथमच त्यांना एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगितले. पाचव्या महिन्यात मी एक्स-रे पाहिला होता. गुडघ्याला हात लावला नव्हता.

आता थोडे शास्त्र. आपल्या गुडघ्यात तीन कप्पे असतात : आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीच्या मागचा. पुष्कळांचा गुडघा प्रथम आतल्या कप्प्यात झिजतो आणि पाय हळूहळू बाहेर वाकतो. झीज तेवढ्याच कप्प्यात असेल आणि सांध्यातील अस्थिबंध शाबूत असतील, तर तेवढाच भाग बदलता येतो. मांडीच्या हाडाच्या टोकावर एक धातूचे टोपण, नडगीच्या हाडावर धातूची एक छोटी चकती आणि दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकची गादी. ऑक्सफर्ड येथील शल्यचिकित्सक जॉन गुडफेलो आणि अभियंते जॉन ओ'कॉनर यांनी १९७०च्या दशकात सरकत्या गादीचा जो सांधा तयार केला, त्याच्या सुधारित आवृत्त्या जगभर वापरल्या गेल्या. संपूर्ण रोपणाच्या मानाने हाड कमी कापावे लागते, रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उभा राहतो. ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार योग्य रुग्णात आंशिक आणि संपूर्ण या दोन्ही शस्त्रक्रियांचा गुण जवळजवळ सारखा येतो, आणि आंशिक शस्त्रक्रियेचा खर्च कमी पडतो.

परंतु 'अर्ध्या गुडघ्याचं ऑपरेशन' या लोकांच्या तोंडच्या नावात एक फसगत दडलेली आहे. ऑपरेशन अर्धे, म्हणजे दुखणेही अर्धे आणि बरे होण्याचा काळही अर्धा, असे रुग्णाला वाटते. कधी कधी आमच्या बोलण्यावरूनही तसे वाटते. वस्तुतः गुडघ्याची सूज आणि ऊब तीन महिने, काहींना सहा महिनेही राहते. सांध्यात पूर्ण बळ येण्यास वर्ष लागू शकते.

मावशींनी बोट ठेवले ते सांध्याच्या रेषेच्या किंचित खाली, नडगीच्या हाडाच्या आतल्या बाजूला. आंशिक रोपणानंतर ही तक्रार आम्हांला वारंवार भेटते. झिजलेल्या गुडघ्याने वर्षानुवर्षे एका रीतीने भार पेललेला असतो. चकती बसली की त्याच हाडावर भार नव्या रीतीने येतो, हाडावर ताण पडतो आणि त्या ताणाला अनुसरून हाड स्वतःची आतली बांधणी हळूहळू बदलते. तोवर तेथे ठणका राहतो. बहुतेकांच्या बाबतीत तो वर्षभरात ओसरतो. त्याच जागेजवळ मांडीच्या मागून येणाऱ्या स्नायुबंधांना सूज आली तरीही तसेच दुखते. जखमेच्या बाहेरच्या अंगाला बधिर पट्टा जाणवतो, कधी तेथे आग होते. त्वचेच्या बारीक मज्जातंतूला छेद गेल्यामुळे ते घडते. आणि कधी दुखणे गुडघ्यात जाणवते, पण उगम खुब्यात किंवा कंबरेत असतो. म्हणून गुडघ्याच्या तक्रारीसाठी आलेल्या रुग्णाचा खुबा आणि पाठ तपासणे हा आमच्या विभागाने नियमच केला आहे.

काही खुणा मात्र घरी थांबण्याच्या नाहीत. कमी होत आलेले दुखणे एकाएकी वाढणे, ताप, जखमेतून स्राव, गुडघा लाल होऊन तापणे, पाय टेकवता न येणे, सांधा अचानक अडकणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी यावे. पोटरी फुगून दुखू लागली किंवा दम लागला, तर रात्र असली तरी यावे. जंतुसंसर्ग, गादी सरकणे, चकतीखालचे हाड मोडणे, रोपण सैल होणे या गोष्टी विरळ आहेत, तथापि त्या आधी नाकाराव्या लागतात, मगच धीर देण्याचा अधिकार आम्हांला मिळतो.

येथे एक गोष्ट थोड्या विस्ताराने सांगतो, कारण तिच्यापायी रुग्ण विनाकारण पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात. आंशिक रोपणानंतर एक्स-रेमध्ये नडगीच्या चकतीखाली एक बारीक काळसर रेषा पुष्कळदा दिसते. ती एक मिलिमीटरएवढी पातळ आणि स्थिर असेल, तर तिचा अर्थ रोपण सैल झाले असा होत नाही. दुखणारा गुडघा आणि एक्स-रेतील ती रेषा एकत्र पाहून 'सांधा बिघडला, आता पूर्ण बदलू' असा निष्कर्ष काढणे सोपे असते. त्यात आंशिक रोपण काढून संपूर्ण बसवणे तुलनेने सुकर, म्हणून हात लवकर शिवशिवतात. कारण न सापडलेल्या वेदनेसाठी केलेल्या अशा फेरशस्त्रक्रियेचा अनुभव मात्र निराशाजनक आहे. पुष्कळांचे दुखणे तसेच राहते. दुसरे मत अवश्य घ्या. पण दुखण्याचे कारण काय ठरले आहे, हे विचारल्यावाचून फेरशस्त्रक्रियेला संमती देऊ नका.

मग सर्व तपासण्या निर्दोष आल्या आणि तरी दुखत असेल, तर? तर ते दुखणे खोटे आहे काय? वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होते असे सांगते तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला जावा, हे त्या व्याख्येच्या टिपणांतच नोंदवले आहे. दहा-बारा वर्षे संधिवात सोसलेल्या माणसाची मज्जासंस्था हळवी झालेली असते. घराची घंटा बिघडून वाऱ्यानेही वाजावी, तसे काहीसे होते. झोप उडाली, काळजी वाढली की घंटा अधिकच वाजते. संपूर्ण गुडघारोपणावरील अनेक अभ्यासांचा २०१२मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात ढोबळमानाने पाचांपैकी एका रुग्णाला दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहिल्याचे आढळले. जो प्रश्न इतक्या जणांना पडतो, त्याची लाज कोणी बाळगावी?

मावशींबरोबर आम्ही जे केले ते अगदी साधे होते. वेदनाशामक गोळ्या प्रथम बंद केल्या. काही आठवड्यांत सूज उतरली आणि क्रिएटिनिनही खाली आले. आणखी काही महिने तसेच चालले असते तर काय झाले असते, याचा विचार मी टाळतो. मग आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यांच्या दिवसाचा हिशेब मांडला. बरे वाटले की मावशी सहा-सहा तास शेगडीपुढे उभ्या राहत आणि नंतरचे दोन दिवस अंथरुणावर पडून काढत. हे चक्र मोडायचे होते. वीस मिनिटे उभे राहायचे, गजर लावायचा आणि दुखो वा न दुखो, दहा मिनिटे बसायचे. चपात्या उंच स्टुलावर बसून लाटायच्या. दर आठवड्याला उभे राहण्याची मिनिटे थोडी वाढवायची. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा व्यायाम दिवसातून तीनदा. व्यायामानंतर थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यावे. आले नाही तर व्यायाम निम्मा करायचा, बंद करायचा नाही.

कुटुंबीयांसाठी दोन-तीन गोष्टी. गुडघ्याखाली उशी ठेवू नका. रुग्णाला त्याने बरे वाटते आणि आपण ती मायेनेच ठेवतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग चालताना अधिक दुखतो. उशी टाचेखाली द्या. बर्फ ओल्या पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा. गरम पाण्याची पिशवी बधिर त्वचेवर ठेवू नका. चटका बसल्याचे कळतसुद्धा नाही आणि फोड येतात, असे रुग्ण मी पाहिले आहेत. जखम पूर्ण भरण्यापूर्वी तेल चोळू नका. आणि शेजारच्या कोणाच्या सासूबाई सहाव्या आठवड्यात देवळाच्या पायऱ्या चढल्या, ही हकीकत रुग्णासमोर सांगू नका.

आता देणगीदारांना उद्देशून. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सांध्याचा खर्च सामान्यांच्या थोडा आवाक्यात आला. सांध्यासाठी देणगी देणे समजण्याजोगे आहे, कारण त्याची पावती होते आणि तो एक्स-रेत दिसतो. परंतु मावशींचे जे बिघडले ते सांध्यामुळे नव्हे. पाचव्या आणि आठव्या महिन्याच्या मध्ये त्यांना कोणी फोन केला नाही, म्हणून. इंग्लंड व वेल्समधील आठ रुग्णालयांत संपूर्ण गुडघारोपणानंतर तीन महिन्यांनीही दुखत असलेल्या ३६३ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीची सेवा दिली. इतरांची प्रशिक्षित व्यक्तीने सविस्तर तपासणी केली, गरजेप्रमाणे योग्य तज्ज्ञाकडे पाठवले आणि वर्षभरात सहापर्यंत वेळा फोनवरून विचारपूस केली. या दुसऱ्या गटाची वेदना अधिक कमी झाली. यात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. लागले ते एक जाणते माणूस आणि त्याचा वेळ, आणि धर्मादाय संस्थेत नेमका हाच खर्च कोणत्या शीर्षकाखाली दाखवावा हे लेखापालांना कळत नाही. विश्वस्तांनी या कामासाठी एका फिजिओथेरपिस्टचे वेतन मंजूर केले आहे. त्याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे आणि ते पुढेही चालू राहावे अशी विनंती करतो.

मावशींचे काय झाले, हे आपण विचारालच. दीड वर्षानंतर त्यांचा ठणका बराचसा गेला, सगळा नाही. पावसाळ्यात अजून कळ येते, जिना उतरताना त्या कठडा धरतात आणि मांडी घालून बसणे त्यांनी सोडून दिले आहे. खानावळ चालू आहे. पतपेढीचे कर्ज फिटल्याचे त्यांच्या मुलाने मला मुद्दाम येऊन सांगितले. दुखण्याबद्दल आता तो स्वतःच आईला विचारतो.

ज्यांच्या घरी गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने उलटले आहेत आणि दुखणे सरलेले नाही, त्यांनी दर बुधवारी दुपारी बाह्यरुग्ण विभागात यावे. वेगळे शुल्क नाही. घरातील एका माणसाने सोबत यावे आणि चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे आणावीत, दुकानातून परस्पर घेतलेलीसुद्धा.