उंदराचं पोट आणि आपलं पोट

"दूध-तूप खा, कॅन्सर जवळ येणार नाही," असं कुणी ना कुणी सांगतं. हे आलं कुठून, ते आज बघू.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल परीझा नावाचे शास्त्रज्ञ भाजलेल्या गोमांसाचा अभ्यास करत होते. भाजताना मांसात काही घातक द्रव्यं तयार होतात. पण त्याच मांसात त्यांना या घातक द्रव्यांना आवर घालणारंही काहीतरी सापडलं. ते निघालं एक स्निग्ध आम्ल, म्हणजे तेला-तुपातला एक घटक. त्याचं नाव कॉन्ज्युगेटेड लिनोलिक अ‍ॅसिड, थोडक्यात सीएलए. करडई, सूर्यफुलाच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. सीएलए त्याचंच भावंड, फक्त आतली जोडणी वेगळी. गाय-म्हैस रवंथ करते, तेव्हा तिच्या पोटातले जिवाणू ते घडवतात. म्हणून ते दुधातुपात थोडं थोडं असतं.

1990 मध्ये त्यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना आधी सीएलए पाजलं, काहींना साधं लिनोलिक आम्ल, काहींना ऑलिव्ह तेल. मग सगळ्यांना बेंझोपायरीन दिलं. हे विष धुरात असतं, तंबाखूच्या धुरातही असतं. पुढे सीएलए घेतलेल्या उंदरांच्या पोटात गाठी निम्म्याच्या आसपास निघाल्या. निम्म्या, बरं का! गाठी थांबल्या नाहीत, कमी झाल्या.

आता नीट ऐका. या गाठी उंदराच्या पुढच्या जठरात होत्या. तो भाग माणसाला नसतोच. शिवाय उंदरांना शुद्ध सीएलए पाजलं होतं, तूप नव्हे. त्यामुळे तुपाने माणसाचा पोटाचा कॅन्सर टळतो, असं यातून सिद्ध होत नाही. सीएलएच्या गोळ्याही विकायला येतात. त्यावर बचत गटातले पैसे घालवू नका. घरचं दूध-तूप झेपेल तेवढं जरूर खा, पण अन्न म्हणून, औषध म्हणून नाही.

मग आपल्या हातात काय आहे? उंदरांना विष शास्त्रज्ञांनी पाजलं. आपण ते आपल्या हातांनी घेतो. मिश्री, तंबाखू, बिडी सोडा. तव्यावर तंबाखू भाजली, की तिच्यात बेंझोपायरीनसारखी द्रव्यं तयार होतात आणि तीच आपण दातांना चोळतो. फार खारवलेलं, धुरी दिलेलं रोज खाऊ नका. फळं, भाज्या ताटात वाढवा. पाणी आणि हात स्वच्छ ठेवा, कारण पोटाच्या कॅन्सरचं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आहे. तो तपासणीत सापडतो आणि औषधांनी जातो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बरेच दिवस पोट दुखतंय, दोन घासांत पोट भरतंय, कारण नसताना वजन उतरतंय, उलटीत रक्त दिसतंय किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतंय, तर "पित्त झालं असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. घरातल्या सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर आपलं दुखणं आठवायची आपली सवय. ती मोडा, आणि डॉक्टरांकडे वेळेत जा.