शिवराईचं घर



हे बोलत असताना माझ्या तळहातावर एक शिवराई आहे. तांब्याची, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, चांगली जाडजूड. एका अंगाला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला दोन ओळींत ‘छत्र पति’. कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ असायला हवं, पण माझ्या या नाण्यावर त्यातले चारच ठिपके आहेत. ‘राजा’मधला ‘जा’ अर्धा आहे आणि ‘शिव’चा ‘व’ जवळजवळ कडेबाहेर गेलेला. पाहणाऱ्याला वाटतं, नाणं झिजलं. तसं नाही. ते टांकसाळीतून बाहेर पडलं तेव्हाच असं होतं.

ही नाणी हातानं पाडायचे. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तांब्याची चकती आणि वरून घणाचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे त्यातला जेवढा भाग चकतीवर बसेल तेवढाच उमटायचा. चकतीही हातानंच तोडलेली, म्हणून नाणं धड गोल नाही. कुठे फुगलेलं, कुठे चपटं, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ. मी मोजलेल्या शिवरायांपैकी दोन नाणी सारख्या मापाची निघाली असं क्वचितच झालं.

माझं काम सुरू होतं ते इथून. अलिबागच्या खाली, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये आमचं घर आहे आणि घराच्या पडवीत माझं सुतारी टेबल. गेली पंधरा-सोळा वर्षं मी तिथे नाण्यांसाठी चौकटी करतो आहे. आधी स्वतःच्या नाण्यांसाठी करायचो, मग ओळखीच्या संग्राहकांसाठी करू लागलो. दुकानात गोल भोकांच्या प्लॅस्टिकच्या डब्या मिळतात, पण शिवराई त्यात एक तर खुळखुळते, नाही तर अडकते. तिचं घर तिच्याच मापानं बांधावं लागतं.

चौकटीत लावायचा शिवराईचा संच म्हणजे काय, हेही सांगायला हवं. 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याच्याशी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही दोन नाणी जोडलेली आहेत. होन सामान्य माणसाच्या नजरेलाही पडत नाही. शिवराई मात्र महाराजांनंतरही पाडली जात राहिली, पेशवाईत पाडली गेली, पार एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात चालली. टांकसाळी अनेक, ठसे कोरणारे हात अनेक. त्यामुळे कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. कुठे ‘पति’ ऱ्हस्व, कुठे दीर्घ. पुढच्या काळातल्या काही नाण्यांवर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा, ती दुदांडी शिवराई. बहुतेक नाण्यांवर साल नसतं. म्हणून इंग्रजी नाण्यांसारखा सालवार संच इथे लागत नाही, अक्षरांवरून लावावा लागतो. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्यांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत अशा कारागिरांचं हस्ताक्षर या तांब्यावर उरलं आहे. म्हणून चौकट अशी हवी की अक्षर झाकलं जाऊ नये, कड झाकली जाऊ नये आणि दोन्ही अंगं दिसावीत.

आता आमच्या हवेबद्दल. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खिडकीची कडी, सायकलची साखळी, छपराचे खिळे, सगळ्यांना खारी हवा खाते. तांब्यालाही खाते. हवेतलं मीठ तांब्यात शिरलं आणि ओल मिळत राहिली, की नाण्यावर फिकट हिरवी भुकटी धरते. पुसली तरी पुन्हा येते आणि खाली खड्डा पडत जातो. नाण्याचा गडद तपकिरी किंवा काळसर हिरवा रंग निराळा. तो शेकडो वर्षांत चढलेला थर आहे, नाण्याचं रक्षण करतो, त्याला हात लावायचा नाही. पण फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवायचं आणि जाणकाराला दाखवायचं.

माझी पहिली चौकट याच हवेत फसली. दाबलेल्या भुशाची फळी घेतली होती, कापायला सोपी म्हणून. आतून लाल लोकरी कापड लावलं, नाण्यांना मऊ प्लॅस्टिकचे कप्पे केले. दिसायला देखणी झाली. मेमध्ये बंद केली आणि गणपतीनंतर उघडली. दोन शिवरायांवर हिरवा चिकट थर आला होता आणि राणी छापाचा चांदीचा रुपया काळा पडला होता. नंतर वाचत गेलो तसा एकेक उलगडा झाला. मऊ प्लॅस्टिकमध्ये जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि तांब्याला चिकटतं. लोकरीत गंधक असतं, त्यानं चांदी काळवंडते. दाबलेल्या फळीतून आणि तिच्यातल्या गोंदातून आम्ल वाफा येत राहतात, बंद पेटीत त्या कोंडतात. तेव्हापासून नाण्याला लागेल असं लाकूड, लोकर, रबर, मऊ प्लॅस्टिक, वर्तमानपत्राचा कागद यातलं काहीही मी वापरत नाही.

मग वापरतो काय? नाणं बसतं ते ॲक्रिलिकच्या तीन पत्र्यांत. मधला पत्रा नाण्याच्या जाडीहून जरासा जाड, त्यात नाण्याच्या आकाराचं भोक. खाली एक पातळ पारदर्शक पत्रा, वर एक. चार कोपऱ्यांत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, साधा लोखंडी स्क्रू आमच्याकडे एका पावसाळ्यात गंजतो. लाकूड फक्त बाहेरच्या चौकटीला. त्यासाठी मला शिवण आवडतं. हलकं, फिकट रंगाचं, रंध्याखाली लोण्यासारखं निघतं आणि एकदा वाळलं की फारसं वाकत नाही. जुनी घरं पाडली जातात तेव्हा सागवानाचे तुकडे मिळतात, तेही चालतात. गोंद लावला तर चौकट दोन-तीन आठवडे उघड्यावर ठेवतो. सुतारकामाचा पांढरा गोंद वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो वास पूर्ण गेल्याशिवाय नाण्याला जवळ आणत नाही.

भोक कसं कापायचं ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळं कसब तिथे आहे. नाणं कडेनं धरायचं, सुती हातमोजे घालून. हाताच्या घामातही मीठ असतं. कागदावर नाणं ठेवून अगदी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं, कडेला टोक न टेकवता, भोवतीची रेघ मारायची. ‘श्री’ कुठल्या दिशेला येतो तिथे बाणाची खूण करायची. कागद कापून ॲक्रिलिकवर चिकटवायचा. पत्र्यावरचा संरक्षक कागद काढायचा नाही, नाही तर ओरखडे पडतात. मध्ये ड्रिलनं एक भोक पाडून त्यातून फ्रेटसॉचं पातं ओवायचं आणि रेघेच्या आतून कापत जायचं. घाई केली की पातं तापतं, ॲक्रिलिक वितळतं आणि मागे पुन्हा चिकटून बसतं. म्हणून थेंबथेंब पाणी सोडत, संथ हातानं. मग अर्धगोल कानशीनं रेघेपर्यंत यायचं. दोन-चार वेळा कानस, एकदा नाणं बसवून पाहणं, पुन्हा कानस. नाण्याभोवती अर्धा मिलिमीटर मोकळीक राहिली की थांबायचं. नाणं स्वतःच्या वजनानं आत उतरलं पाहिजे. बोटानं दाबावं लागत असेल तर काम अजून बाकी आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वरचा आणि खालचा ठसा एका रेषेत धरायचे, असा कटाक्ष त्या टांकसाळींत नव्हता. त्यामुळे चौकट उलटी केली की एका नाण्याचं ‘छत्रपति’ सरळ येतं, दुसऱ्याचं तिरपं, तिसऱ्याचं पार डोक्यावर. सुरुवातीला मला वाटायचं, माझंच मोजमाप चुकलं. आता मी पुढची बाजू सरळ लावतो आणि मागची जशी येईल तशी येऊ देतो. ती तिरपी अक्षरं म्हणजे घण मारणाऱ्याच्या हाताची खूण आहे.

काही जणांना ॲक्रिलिक नको असतं, लाकडातच गोल खळगे हवे असतात. अलीकडच्या नाण्यांना ते करून देतो, पण खळग्यात पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची चकती आणि कडेला तिचीच पट्टी घालून. आणि भर पावसाळ्यात मी लाकडाला भोक पाडत नाही. ओल्या हवेत लाकूड फुगलेलं असतं, पौष-माघात ते आखडतं. तेही तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे श्रावणात पाडलेलं गोल भोक माघात लंबगोल होतं आणि नाण्याला दोन बाजूंनी आवळतं. दर खळग्याच्या कडेला अर्धचंद्रासारखी खाच ठेवायची, म्हणजे बोट घालून नाणं अलगद उचलता येतं, सुरीचं टोक घालावं लागत नाही.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना मापं तरी ठरलेली असतात. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली, त्या नव्या पैशांचा संच करताना मुलांना मोठी मजा येते. एक पैसा 16 मिलिमीटरचा गोल, पाच पैसे चौकोनी, दोन आणि दहा पैसे पाकळ्यांच्या कडेचे. त्याच्या वरच्या ओळीत जुना आणा, पावली, अधेली, आणि 1943 पासून युद्धात तांबं वाचवायला काढलेला भोकाचा पैसा. शिवरायांच्या चौकटीत शेवटी मी एक अकरा बाजूंचं दोन रुपयांचं नाणं बसवतो, 1999 साली भारत सरकारनं काढलेलं, छत्रपती शिवाजी महाराजांचं. त्याच्या अकरा बाजू कानशीनं सरळ काढायला एक अख्खी दुपार जाते.

सर्वांत अवघड घर लारीचं. लारी म्हणजे चांदीची तार मधोमध दुमडून, तिच्यावर छाप मारून केलेलं नाणं, केसांतल्या आकड्यासारखं दिसणारं. समुद्रापारच्या व्यापारातून ते कोकणच्या बंदरांत आलं आणि आदिलशाहीत दाभोळला पाडलंही जायचं. एका संग्राहकानं एकच लारी आणली होती. तिला भोक नाहीच, लांबट खोबण हवी, आणि तार दोन्ही टोकांना सारखी जाड नाही. दोन पत्रे वाया गेले, तिसऱ्यात ती नीट निजली.

चौकट झाली की ती उभी लावायची ती आतल्या भिंतीवर, समुद्राकडच्या खिडकीपासून दूर. आणि रोज पाहायची नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, बाजूला सिलिका जेलची पुडी. पुडीतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात मी दर पंधरवड्याला पाहतो.

एक विनंतीही आहे. वाडी खणताना, विहिरीचा गाळ काढताना नाणी सापडली तर ती वाटून घेऊ नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचं जमिनीतलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा नाणी एकत्र, त्याच मातीत, त्याच मडक्यात सापडली यातून अभ्यासकाला जे कळतं, ते ती दहा घरांत पांगल्यावर कुणालाच कळत नाही. ज्यांना नीट शिकायचं आहे त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला जावं. तिथे 1980 साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे.

शेवटी आमच्या शेजारच्या काकूंची शिवराई. त्यांच्या देव्हाऱ्यात ती चार पिढ्या आहे. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी चिंचेनं घासून लख्ख करायची, हळदकुंकू वाहायचं, असा रिवाज. घासून घासून ‘राजा’ दिसेनासा झाला होता, ‘श्री’ तेवढा बोटाला लागायचा. मी त्यांना म्हणालो, “काकू, आता चिंच नको. राहिलंय तेवढं राहू द्या.” त्या म्हणाल्या, “अरे, पण पूजा कशी करू? काचेआडच्या देवाला मी हात कुठे लावू?” प्रश्न खराच होता. देव्हाऱ्यातलं नाणं हे पूजेचं नाणं, त्याला संग्रहातल्या नाण्याचे नियम जसेच्या तसे लावून भागणार नव्हतं.

त्यांच्यासाठी शिवणाची छोटी चौकट केली, वीतभरही नाही. वरचा ॲक्रिलिकचा पत्रा हातानं फिरवायच्या दोन पितळी स्क्रूंवर ठेवला, म्हणजे वर्षातून एकदा उघडता येतो. आणि पुढच्या लाकडात कुंकवासाठी बोटाएवढा खळगा कोरला. गेल्या लक्ष्मीपूजनाला काकूंनी स्क्रू काढले, कोरड्या बोटांनी नाणं कडेला धरून कपाळाला लावलं, परत जागेवर ठेवलं, पत्रा लावला आणि मग खळग्यात हळदकुंकू वाहिलं. शिवण फिकट असतं, कुंकू लगेच भिनलं. तो लाल ठिपका आता जात नाही.