‘पण’ कुठं लावायचा?

(पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी कार्यशाळेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला, इंग्रजीतले कनेक्टर. बट, सो, बिकॉज, ऑल्दो, अनलेस, हाउएव्हर हे सगळे. शाळेत ह्यांना आपण उभयान्वयी अव्यय म्हणायचो आणि दोन मार्कांसाठी पाठ करायचो. मी इंग्रजीचा शिक्षक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. मग मी कशाला उभा राहिलो? एकदा एका ‘अनलेस’नं माझी चांगलीच जिरवली होती, म्हणून.

नोकरीतली सुरुवातीची वर्षं. रात्री घरी निघताना मी पुढच्या शिफ्टसाठी एक ओळ लिहून ठेवली: ‘डू नॉट रिस्टार्ट द सर्व्हर अनलेस द बॅकअप इज नॉट कम्प्लीट.’ माझ्या डोक्यात वाक्य मराठी होतं. बॅकअप पूर्ण होत नाही तोपर्यंत सर्व्हर रिस्टार्ट करू नका. आता बघा, मराठीत तो ‘नाही’ लागतोच. पण इंग्रजीच्या ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच बसलेला आहे. त्यात मी वरून एक ‘नॉट’ घातला. दोघांनी मिळून अर्थ उलटा केला: बॅकअप अपुरा असेल तरच रिस्टार्ट करा. शिफ्टवर परदेशातला सहकारी होता. त्यानं पाहिलं, बॅकअप अपुरा आहे. सूचना विचित्र वाटली, असं तो नंतर म्हणाला, पण लेखी सूचना ती सूचना. त्यानं रिस्टार्ट केला. दुसरा अख्खा दिवस आम्ही आदल्या दिवसाचा डेटा परत उभा करत बसलो. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी माझी ओळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली, ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून मी माझ्या चुका लिहून ठेवायला लागलो. तेव्हा लक्षात आलं की चूक इंग्रजी कमी येतं म्हणून होत नव्हती. आपल्या भाषेची सवय इंग्रजीत उतरते म्हणून होत होती. आपल्यापैकी कुणाच्या घरी दखनी, कुणाच्या घरी कोकणी, मदरशात उर्दू, शाळेत आणि बाजारात मराठी. ह्या भाषांची एक ठेवण सारखी आहे: कनेक्टर जोडीनं येतात. जरी–तरी. जेव्हा–तेव्हा. ज्याअर्थी–त्याअर्थी. उर्दूत अगरचे–लेकिन, चूँकि–इसलिए. एक आला की कान दुसऱ्याची वाट बघतो. म्हणून आपण लिहितो, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय वेंट.’ किंवा ‘बिकॉज द ट्रेन वॉज लेट, सो आय मिस्ड द एक्झाम.’ इंग्रजीला इथं एकच पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवा नाहीतर ‘बट’ ठेवा. इंग्रजीत जोड्या नाहीतच असं नाही. आयदर–ऑर आहे, नॉट ओन्ली–बट ऑल्सो आहे, आणि इफ–देन तर आम्हा प्रोग्रॅमर लोकांची भाकरी आहे. पण त्या मोजक्या आहेत.

दुसरी सवय ‘म्हणून’ची. दखनीत आपण बोलतो, ‘मैं आता करके बोला.’ मराठीत, ‘येतो म्हणून सांगितलं.’ दोन्हीकडे बोललेली गोष्ट आधी येते आणि जोडणारा शब्द नंतर. तेच इंग्रजीत होतं: ‘आय विल कम, लाइक दॅट ही टोल्ड.’ इंग्रजीत क्रम उलटा आहे. कोण बोललं ते आधी, मग ‘दॅट’, मग काय बोललं ते. ‘ही सेड दॅट ही वुड कम.’ हे नियम म्हणून पाठ करू नका. आपल्या वाक्यात ‘करके’ कुठं बसलाय तेवढं ओळखा, चूक आपोआप दिसते.

काही गोष्टी पटकन सांगतो. ‘डिस्पाइट’नंतर ‘ऑफ’ येत नाही, ‘इन स्पाइट’नंतर येतो. ‘हाउएव्हर’नं दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामावर जोडता येत नाहीत, आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या, मग ‘हाउएव्हर’, मग स्वल्पविराम. ‘म्हणजे’च्या जागी दर वेळी ‘मीन्स’ म्हणू नका. आणि इंटरव्ह्यूत ‘ॲक्च्युअली’ जरा आवरा. समोरचा विचारतो, नाव काय? आपण सांगतो, ‘ॲक्च्युअली माय नेम इज...’ जणू आधी खोटं नाव सांगितलं होतं!

क्लासवाले शंभर कनेक्टरांचा तक्ता देतात. मोरोवर, फर्दरमोर, नेव्हरदलेस. मग मुलं निबंधात प्रत्येक वाक्याच्या तोंडाला एकेक बांधतात. मला हे पटत नाही. दोन वाक्यांत नातं नसेल तर ‘मोरोवर’ ते आणून देत नाही. ‘आय लाइक क्रिकेट. मोरोवर, माय फादर इज अ टेलर.’ ह्यात कसला मोरोवर? बोलताना तर बट, सो, बिकॉज ह्या तिघांवर माझं आजही जवळजवळ सगळं काम चालतं, आणि मी रोज परदेशातल्या लोकांशी बोलतो.

आता ज्याच्यासाठी खरं तर आलो, त्या ‘पण’कडे येतो.

इथं किती जणांनी हे वाक्य ऐकलंय? ‘तू मुस्लिम आहेस, पण मराठी किती छान बोलतोस!’ हात वर करा. सगळेच की. मीही ऐकलंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये. म्हणणारा चांगला माणूस होता, कौतुकच करत होता. पण ‘पण’ काय करतो बघा. ‘पण’ सांगतो की पहिल्या वाक्यावरून जी अपेक्षा होती तिच्या उलट दुसरं निघालं. अपेक्षा कुणाची? बोलणाऱ्याची. ती त्यानं वाक्यात कुठंही लिहिलेली नाही, नुसती ‘पण’मध्ये ठेवलेली आहे. भांडायचं असेल तर वाक्याशी भांडता येत नाही, कारण दोन्ही तुकडे खरे आहेत. मी मुस्लिम आहे, खरं. मराठी छान बोलतो, खरं. मी त्या सहकाऱ्याला एवढंच म्हणालो, ‘पणच्या जागी आणि लावून बघ.’ त्यानं लावून बघितलं. जरा वेळ गप्प झाला आणि मग हसला.

पण हे दुसऱ्यांकडे बोट दाखवायला सांगत नाहीये. आपणही लावतो. ‘ती बुरखा घालते, पण इंजिनिअर आहे.’ ‘भिवंडीचा आहे, पण इंग्रजी चांगलं आहे.’ ‘मुलगी आहे, पण हुशार आहे.’ हे आपल्याच घरातले ‘पण’ आहेत. गेल्या महिन्यात एका मुलानं मला त्याचा नोकरीचा अर्ज दाखवला. पहिलीच ओळ: ‘ऑल्दो आय स्टडीड इन उर्दू मीडियम...’ मी विचारलं, हा ‘ऑल्दो’ कुणी मागितला होता? कंपनीनं तर काही म्हटलं नव्हतं. त्यानं स्वतःच स्वतःविरुद्धची अपेक्षा आधी मांडली आणि मग ती खोडायला बसला.

कायद्यात तर एका शब्दावर बायकांचं आयुष्य लटकतं. 1985 मध्ये शाहबानो यांचा निकाल आला आणि 1986 मध्ये घटस्फोटित मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या कायद्यात लिहिलंय की पतीनं ‘प्रोव्हिजन अँड मेन्टेनन्स’ द्यायचं, ‘विदिन’ इद्दत. खूप जणांनी ह्याचा अर्थ लावला की इद्दतपुरतं दिलं की पतीची जबाबदारी संपली. शाहबानोंची बाजू मांडलेले वकील दानियल लतिफी यांनीच ह्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. 2001 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा रद्द केला नाही, तो नीट वाचला. ‘विदिन’ ही तरतूद करून देण्याची मुदत आहे, तरतूद किती काळ पुरायला हवी ह्याची मर्यादा नव्हे. इद्दतीच्या आत द्या, पण पुढच्या आयुष्याचा विचार करून द्या. तिथं ‘विदिन’ऐवजी ‘फॉर’ असता तर हे वाचन फार अवघड झालं असतं. आणि तो ‘अँड’सुद्धा शोभेचा नाही: प्रोव्हिजन म्हणजे पुढच्या गरजांची आधीच करून ठेवलेली सोय, ती रोजच्या पोटगीपेक्षा वेगळी. किती घरांत कुणी सांगितलं असेल, ‘तीन महिन्यांचं दिलं, संपलं’, आणि ऐकणाऱ्या बाईपुढं तो कागद उघडून ‘विदिन’वर बोट ठेवणारं कुणी नसेल.

म्हणून भाडेकरार असो, स्कॉलरशिपचं पत्रक असो, ऑफर लेटर असो, आधी तीन शब्द शोधा: अनलेस, प्रोव्हायडेड दॅट, सब्जेक्ट टू. वर जे काही दिलंय, ते बहुतेक वेळा ह्यांच्यामागून परत घेतलेलं असतं.

बस, माझं बोलणं संपवतो. आता वह्या काढा. येताना सगळ्यांना स्वतः लिहिलेला एक अर्ज आणायला सांगितलं होतं. त्यातला प्रत्येक कनेक्टर पेन्सिलनं गोल करा आणि बाजूला मराठीत, उर्दूत, जमेल त्या भाषेत लिहा, हा इथं कशाला आलाय. कारण सापडलं नाही तर खोडा. पंधरा मिनिटं आहेत. मी रांगांमधून फिरतोय. अडलं की हाक मारा, आणि मागच्या बाकावरच्यांनो, ‘ऑल्दो’वाले अर्ज मला आधी दाखवा.