ऊन, शेण आणि थोडा हिशेब



मी सॉफ्टवेअरवाली, पण आज बोलणार आहे गावाकडच्या घराबद्दल. आईला दमा आहे. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं आणि तिला तर गाव सोडायचं नव्हतं. म्हणजे बंब आणि चूल दोन्ही बंद व्हायला हवी होती, आणि रात्री वीज गेली तरी तिचा नेब्युलायझर चालायला हवा होता.

मोठं सोलर लावा आणि सगळं विजेवर चालवा, असा सल्ला बरेच जण देतात. आधी हिशेब करा. सौर पॅनेल उन्हातल्या ऊर्जेच्या साधारण पाचव्या हिश्श्याचीच वीज करतं. सौर बंब निम्म्याच्या आसपास ऊर्जा थेट पाण्यात उतरवतो. 100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात आणि 1 किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. ते सगळं आंघोळीतच संपेल!

म्हणून आम्ही कामं वाटून दिली. आंघोळीला सौर बंब, दिवे-पंखे-फ्रिजला 2 किलोवॅटची पॅनेल आणि स्वयंपाकाला गोबरगॅस. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं. भावाच्या गोठ्यातली पाच जनावरं ते पुरवतात, स्लरी शेताला जाते. मात्र रोज शेण कालवायला माणूस हवा. तो नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पावसाळ्यात ऊन कमी असतं, तेव्हा गोबरगॅस साथ देतो. थंडीत गॅस मंदावतो, तेव्हा आकाश निरभ्र असतं. एक थकला की दुसरा ओढतो.

एक गोष्ट विक्रेत्याला नक्की विचारा. वीज गेली की ग्रिडला जोडलेलं साधं सोलरही बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसं असावंच लागतं. म्हणून आईच्या खोलीसाठी आम्ही वेगळी छोटी बॅटरी ठेवली.

पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान आहे.

आईचा दमा गेलेला नाही, पण ती तिच्या घरात आहे आणि घरात धूर नाही. तुमच्यापैकी अनेकांचे आई-वडील अजून गावी आहेत. या सुट्टीत गेलात की छप्पर, गोठा आणि वीजबिल एकदा एकत्र पाहा. हिशेब करायला मी आहेच.