'मृत्युंजय' : नियती आणि कथनरीती



नीरेकाठच्या निरवांगी परिसरात पीक गेले किंवा व्यापारात खोट आली की 'नशीब' हा एकच शब्द उच्चारला जातो. या शब्दाचा फेरविचार करावयास लावणारी कादंबरी म्हणजे शिवाजी सावंत यांची १९६७ साली प्रसिद्ध झालेली 'मृत्युंजय'. तिला १९९४ चा भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार लाभला. हा पुरस्कार ज्ञानपीठाचे संस्थापक साहू शांतिप्रसाद जैन यांच्या मातोश्रींच्या नावे आहे.

कर्णाची ही कथा लेखक स्वमुखाने सांगत नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण ही सहा पात्रे नऊ भागांतून आत्मनिवेदन करतात. कर्णास जे दैव वाटते, ते कुंतीच्या निवेदनात भयभीत कुमारीमातेचा निर्णय ठरते, तर दुर्योधनाच्या निवेदनात राजकारणाचा हिशेब. एकास जे अदृष्ट, ते दुसऱ्याच्या मुखातून कारण म्हणून प्रकट होते. अनेकान्ताचे संस्कार लाभलेल्या वाचकास ही रीत परकी वाटत नाही.

आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींची प्राकृत 'समराइच्चकहा' योगायोगाने नऊ भवांचीच आहे. राजा गुणसेन अग्निशर्मा या तापसास मासोपवासाच्या पारण्यास आमंत्रित करतो. तीन वेळा राजवाड्यातील अडचणींमुळे तापस उपाशी परततो आणि सूडाचे निदान बांधतो. पुढील भवांत पात्रांस मूळ कारण स्मरत नाही. वाचकास मात्र ते ज्ञात असते.

'मृत्युंजय'मध्ये कारण अनेक मुखांतून जुळवावे लागते. येथे ते आरंभीच हाती येते. रीती भिन्न, परंतु बोध एकच : न दिसलेल्या कारणास माणूस नियती म्हणतो.

मग पुरुषार्थास वाव कोठे? याचक इंद्र आहे हे जाणूनही कर्ण कवचकुंडले देतो. तो निर्णय सर्वस्वी त्याचा असतो. गुणसेनाचा जीव प्रत्येक भवात क्षमा जोपासतो व अखेर समरादित्य होऊन केवलज्ञान पावतो. अग्निशर्म्याचा जीव वैरामुळे अधोगतीस जातो. प्रसंग एकच, परिणती दोन.

व्यापाऱ्याच्या वहीत मागील बाकी ओढावीच लागते. ती नाकारता येत नाही. परंतु आजची नोंद आजच्याच हाताने होते. श्रद्धा म्हणजे बाकीकडे पाहून हताश बसणे नव्हे, तर ही नोंद शुद्ध ठेवणे होय.

जय जिनेंद्र.